जागे कोणी व्हायचे?

'जनजागृती' हा आपल्या सार्वजनिक जीवनातला अत्यंत निरुपद्रवी वाटणारा शब्द आहे. साथ आली की जनजागृती, लस आली की जनजागृती, कुपोषणाची बातमी छापून आली की पुन्हा जनजागृती. रथ निघतो, फलक लागतात, शाळकरी मुलांची प्रभातफेरी गावातून घोषणा देत जाते आणि संध्याकाळी अहवालात 'उत्स्फूर्त प्रतिसाद' अशी नोंद होते. आमचा आक्षेप या शब्दावरच आहे. जागे करावयाचे ते झोपलेल्याला. म्हणजे जन झोपलेले आहेत आणि गाडीला भोंगा बांधून फिरणारा तेवढा जागा आहे, असे या शब्दाने आरंभीच गृहीत धरले आहे. ज्या बाईला पहाटे चार वाजता उठून पाण्याच्या रांगेत हंडा लावावा लागतो, तिला जागे करण्याची भाषा आपण कोणत्या तोंडाने करतो?

आमचे प्रतिपादन असे आहे की आरोग्याच्या सवयी भोंग्याने बदलत नाहीत. त्या बदलतात विश्वासाच्या वाटेने. ही वाट गावोगाव पूर्वीपासून तयार आहे आणि ती दुतर्फा आहे; तिच्यावरून उपदेश जसा खाली जातो, तशी तक्रारही वर आली पाहिजे. जो वाटेचा एकच पदर वापरतो, तो प्रचार करतो, आरोग्यसेवा करीत नाही.

याची साक्ष आम्ही वाशिम जिल्ह्यातून काढतो. वसई-मुंबईच्या वाचकांना हा जिल्हा दूरचा वाटेल. १ जुलै १९९८ रोजी अकोला जिल्ह्यातून तो वेगळा झाला. वाशिम, रिसोड, मालेगाव, मंगरूळपीर, कारंजा आणि मानोरा हे त्याचे सहा तालुके. २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या सुमारे बारा लाख. काटेपूर्णा, अडाण, अरुणावती या नद्या याच उंच मुलखात उगम पावतात आणि येथून खाली वाहून जातात. उन्हाळ्यात मात्र येथील माणूस टँकरची वाट पाहतो. २०१८ मध्ये केंद्र शासनाने देशातील मागास जिल्ह्यांची 'आकांक्षित जिल्हे' म्हणून निवड केली, तेव्हा महाराष्ट्रातून नंदुरबार, गडचिरोली आणि उस्मानाबाद यांच्या जोडीला वाशिमचे नाव आले. त्या योजनेच्या गुणांकनात आरोग्य व पोषण यांना तीस टक्के भार आहे. साहजिकच तेव्हापासून या जिल्ह्यात जनजागृतीला तोटा नाही.

आता या जिल्ह्यातील वाटा पाहा. मानोरा तालुक्यातील पोहरादेवी हे संत सेवालाल महाराजांचे स्थान. देशभरातील बंजारा समाज तिला आपली काशी मानतो. कारंजा हे नृसिंह सरस्वतींचे जन्मस्थान, तर शिरपूर हे अंतरिक्ष पार्श्वनाथाचे जैन तीर्थ. गावोगाव भजनी मंडळे आहेत, मशिदी आहेत, बुद्धविहार आहेत, बचत गट आहेत, आठवडी बाजार आहेत. तांड्यावर नायकाचा शब्द आहे. लग्नाचे आमंत्रण, मर्तिकाची खबर, कापसाचा भाव, मुकादमाची उचल या सर्व वार्ता कोणत्याही शासकीय फलकाविना घरोघर पोहोचतात. ज्या समाजात एवढी वर्दळ आहे, तो झोपलेला कसा?

या वाटांचे सामर्थ्य किती, हे २०२१ च्या फेब्रुवारीत साऱ्या महाराष्ट्राने पाहिले. कोविडची दुसरी लाट विदर्भात उसळत होती. २१ फेब्रुवारी रोजी तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी राज्याला उद्देशून भाषण केले आणि गर्दीच्या धार्मिक, राजकीय व सामाजिक कार्यक्रमांना मनाई केली. दोनच दिवसांनी, २३ फेब्रुवारी रोजी, तत्कालीन वनमंत्री संजय राठोड पोहरादेवीला आले आणि तेथे हजारोंची गर्दी लोटली. त्यानंतर लगेच तेथील महंतांसह काहीजणांना लागण झाल्याच्या बातम्या आल्या. त्याच आठवड्यात, या गर्दीशी काही संबंध नसताना, रिसोड तालुक्यातील देगाव येथील एका निवासी शाळेत दोनशेहून अधिक विद्यार्थी बाधित आढळले. रोग दाराशी होता आणि मनाई घोषित झाली होती, तरीही माणसे जमली.

याचा दोष बंजारा समाजाच्या माथी मारणे सोपे होते आणि अनेकांनी ते केलेही. आम्ही तसे करणार नाही; ज्याच्यासाठी ती गर्दी जमली, त्याच्यापासून हिशेब सुरू होतो. आमचा प्रश्न निराळा आहे. त्याआधी वर्षभर देशातील प्रत्येक दूरध्वनीवर, पलीकडचा माणूस बोलण्याआधी, खोकल्याचा आवाज आणि सावधगिरीची सूचना ऐकवली जात होती. इतक्या कानांत इतक्या वेळा शिरलेली सूचना दुसरी आठवत नाही. ती ऐकून माणसे काय करीत? कळ दाबून ती बंद करीत. मात्र ओळखीच्या माणसाचा एक निरोप आला आणि तांडेच्या तांडे निघाले. एका बाजूस देशातील सर्वांत मोठे प्रसारमाध्यम, दुसऱ्या बाजूस आपल्या माणसाचा एक शब्द. जिंकले कोण, हे सांगावयास नको. मग जो निरोप माणसांना एकत्र आणू शकतो, तोच त्यांना चार दिवस घरी थांबवू शकला नसता काय? ते त्यांना कोणी सांगावयास हवे होते? शासकीय रथाने खासच नव्हे.

येथे कोणी म्हणेल, 'लोक अडाणी आहेत, अंधश्रद्ध आहेत. त्यांना समजेल अशी भाषा तरी कोठून आणावी?' भाषेचा मुद्दा बरोबर आहे, फक्त तो उलटा मांडला गेला आहे. आमच्या आरोग्य खात्याची पत्रके वाचून पाहावीत. 'संस्थात्मक प्रसूती', 'पूरक आहार', 'वर्तनबदल संवाद'. ज्या घरात गोरबोली बोलली जाते, तेथे हे मराठी लॅटिनइतकेच परके आहे. लॅटिनचा दाखला आम्ही जाणूनबुजून देतो. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेपर्यंत आमच्या वेदीवरची भाषा भाविकांना कळत नव्हती; ते गुडघे टेकून आदराने ऐकत आणि आपापली जपमाळ ओढीत. आदराने ऐकणे आणि समजणे यांत अंतर आहे, हे ज्ञान आम्हा ख्रिस्ती लोकांना इतरांपेक्षा अधिक असावयास हवे.

आणि भाषा समजली तरी काम भागत नाही. क्षयाचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत मिळते, असे भिंतीवर ठसठशीत लिहिलेले असते. घरच्यांनी ते वाचलेलेही असते. परंतु तरुण मुलीचा खोकला महिनाभर लपवून ठेवणाऱ्या आईची भीती वेगळीच असते: सोयरीक मोडेल. या भीतीवर भिंत काय बोलणार? तेथे बोलू शकते ती तिची जाऊ, तिच्या बचत गटातील मैत्रीण, किंवा स्वतः औषधाचा क्रम पुरा करून बरी झालेली आणि मग सुखाने नांदणारी शेजारीण.

प्रसारमाध्यमांचीही झडती घेऊ. २०१५ मध्ये वाशिम जिल्ह्यातील सायखेडा गावच्या एका गृहिणीने घरात शौचालय बांधण्यासाठी मंगळसूत्रासह आपले दागिने विकले. बातमी देशभर गाजली. राज्याच्या तत्कालीन ग्रामविकास मंत्र्यांनी तिचा सन्मान केला. त्या बाईच्या निर्धाराला आमचाही नमस्कार. परंतु मथळा त्यागाचा झाला. तो हिशेबाचा व्हावयास हवा होता. स्वच्छ भारत अभियानात घरगुती शौचालयासाठी बारा हजार रुपयांचे प्रोत्साहन होते आणि ते बहुधा बांधकाम झाल्यावर हाती पडे. ज्याच्यापाशी आधी खर्च करण्यास पैसा आहे, त्यालाच नंतर मदत, असा हा न्याय. मंगळसूत्र विकणारी बाई जागीच होती. तिला फलकाची गरज नव्हती, गरज होती वेळेवर मिळणाऱ्या पैशाची. तिचे छायाचित्र छापून इतर बायांना 'तुम्हीही जाग्या व्हा' म्हणणे म्हणजे स्वतःचे देणे त्यांच्या गळ्यातील काळ्या मण्यांवर ढकलणे होय.

याच काळात गावोगाव 'गुड मॉर्निंग पथके' फिरत होती. पहाटे उघड्यावर बसलेल्या माणसासमोर शिट्टी वाजवावी, त्याला गुलाबाचे फूल द्यावे, प्रसंगी दंड करावा, असा हा उपक्रम. हसे करून सवय बदलते, असे ज्यांना वाटले त्यांनी एवढाच विचार करावा, की त्या पहाटे पकडला जाणारा माणूस कोण होता. ज्याच्याकडे जागा नाही, पाणी नाही, तोच. एप्रिल २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याची घोषणा झाली. ज्या शौचालयांत पाण्याअभावी सरपण आणि कडबा रचला गेला, त्यांची गणनाही त्यात झाली होती. संडासात दोन बादल्या पाणी लागते. ते पाणी जिने डोक्यावरून आणावयाचे, तिला कोणी विचारले होते काय?

वऱ्हाडच्या याच मातीत याहून वेगळी रीत घडली होती, हे विसरून कसे चालेल? गाडगेबाबा १८७६ मध्ये अमरावती जिल्ह्यात जन्मले आणि २० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीजवळच त्यांनी देह ठेवला. अक्षरओळख नसलेला हा माणूस गावात शिरला की आधी खराटा हाती घेई. दिवसभर गाव झाडावे आणि रात्री कीर्तनाला उभे राहावे. ते कीर्तनही कसे? बाबा प्रश्न विचारीत आणि श्रोते उत्तर देत. कर्ज काढून सण करावा का, नवसाला बोकड मारावा का, शिवाशीव पाळावी का, या प्रश्नांची उत्तरे बाबा सांगत नसत, समोरच्या माणसांच्या तोंडून ती वदवून घेत. जो आधी आपल्या दारातील घाण उचलतो, त्याला प्रश्न विचारण्याचा अधिकार प्राप्त होतो. त्यांनी बांधलेल्या धर्मशाळांत मुंबईच्या जे. जे. रुग्णालयाजवळची धर्मशाळाही आहे; रुग्णाच्या नातलगाने रात्री पाठ कोठे टेकावी, ही विवंचना त्यांना पडली होती. शासनाने २००० साली त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केले हे उचित झाले. पण अनेक ठिकाणी खराटा उरला तो छायाचित्रापुरता, आणि प्रश्न विचारण्याची रीत तर कोणी उचललीच नाही.

दुसरे उदाहरण जामखेडचे. डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे हे ख्रिस्ती दांपत्य १९७० मध्ये अहमदनगर जिल्ह्यातील त्या दुष्काळी तालुक्यात गेले. गावाने निवडलेल्या, बहुधा निरक्षर अशा स्त्रियांना त्यांनी आरोग्य कार्यकर्त्या म्हणून घडवले. त्यांत दलित बाया होत्या, परित्यक्ता होत्या. डॉक्टरांनी गावात येऊन प्रथम उपदेश केला नाही. पाणी आणि अन्न या गावाच्या पहिल्या गरजा आहेत हे ऐकून घेतले आणि आरंभ तेथून केला. शेतकरी मंडळे आणि महिला मंडळे उभी राहिली. आरोग्याचे बोलणे त्या बैठकांतून झाले. १९७९ मध्ये या दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. २००५ पासून देशभर ज्या 'आशा' नेमल्या गेल्या, त्यांच्या कल्पनेची मुळे अशा प्रयोगांत आहेत.

तिसरे उदाहरण पोलिओचे. २००९ मध्ये भारतात पोलिओचे ७४१ रुग्ण आढळले, जगात सर्वाधिक. डोस पाजल्याने मुले नपुंसक होतात, ही अफवा उत्तर प्रदेशातील कित्येक वस्त्यांत घट्ट बसली होती. फलकांनी ती हलली नाही. त्याच मोहल्ल्यातील स्त्रिया दारोदार गेल्या, मशिदींतून इमामांनी आवाहन केले. त्या दारांत त्यांना काय ऐकावयास मिळाले? 'दर महिन्याला थेंब घेऊन येता, पण आमच्या गटारीचे काय? तापाच्या गोळीचे काय?' कार्यक्रम चालविणाऱ्यांना हे ऐकावे लागले. थेंबांच्या जोडीला हात धुणे, जुलाबावरचे औषध आणि इतर लसी यांचाही विचार सुरू झाला. १३ जानेवारी २०११ रोजी हावड्यातील एका बालिकेत आढळलेला पोलिओ हा या देशातील नैसर्गिक विषाणूचा शेवटचा रुग्ण ठरला, आणि २७ मार्च २०१४ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्यावर शिक्कामोर्तब केले.

या तिन्ही ठिकाणी निरोप नेणारा माणूस गावाचे ऐकूनही घेत होता. आजच्या आपल्या व्यवस्थेत हे ऐकण्याचे काम 'आशा'ताई करते आणि तिचीच आपण सर्वांत अधिक उपेक्षा केली आहे. कोविडच्या काळात घरोघर जाऊन ताप मोजणारी हीच. लोकांच्या शिव्या खाणारीही हीच. शासनाच्या लेखी ती कर्मचारी नाही, 'स्वयंसेविका' आहे. तिला वेतन नाही, कामागणिक मोबदला आहे. जून २०२१ मध्ये राज्यातील आशा संपावर गेल्या, त्यानंतरही त्यांना पुन्हा रस्त्यावर यावे लागले. मे २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने भारतातील आशांचा गौरव केला. गौरव जिनिव्हाहून आला. मोबदला मात्र मुंबईहून वेळेवर येईना. विश्वासाची वाट फुकट मिळते, असे समजणाऱ्यांनी हे ध्यानी घ्यावे, की ती वाट कोणाच्या तरी पायांनी तुडवलेली असते.

आता आमच्यावर येणारे दोन आक्षेप. पहिला आमच्याच लोकांकडून येतो: 'धर्मपीठ आत्म्याच्या तारणासाठी आहे, तेथून लस आणि संडास यांची चर्चा नको.' या भाविकांनी यरीहोच्या वाटेवरचा दाखला पुन्हा वाचावा. याजक गेला, लेवी गेला. दोघेही बहुधा पवित्र कामाच्या घाईत असावेत. शोमरोनी थांबला. त्याने जखमी माणसाला रात्रीच्या प्रवासाचे धोके समजावून सांगितले नाहीत. त्याने तेल ओतले, आपल्या जनावरावर बसवले, उतारशाळेत नेले, खर्चाचे पैसे मोजले आणि परत येण्याचे वचन दिले. ऑगस्ट २०२१ मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लस घेणे ही प्रेमाची कृती आहे असे सांगितले, ते याच दाखल्याच्या अनुरोधाने होते असे आम्ही मानतो.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे: 'धर्माच्या आणि जातीच्या वाटा आरोग्यासाठी उघडल्या, तर त्या वाटांचे मालक उद्या औषधही आपलेच विकतील. गोमूत्र, ताईत, तेल आणि प्रार्थनेने कर्करोग बरा करणारे मेळावे यांना तुम्ही अधिकृत व्यासपीठ देत आहात.' हा धोका खरा आहे आणि तो आमच्या अंगणातही आहे. हात ठेवून रोग बरे करण्याची जाहिरात करणारे ख्रिस्ती सभामंडप कोणी पाहिले नाहीत? म्हणूनच आमची अट स्पष्ट आहे. व्यासपीठ उसने द्यावे, औषध सांगू नये. महंताने, मौलवीने, भन्तेजींनी, धर्मगुरूने लस आधी स्वतः टोचून घ्यावी, पंगतीआधी स्वतः हात धुवावेत आणि मग नर्सबाईला बोलू द्यावे. प्रश्न आले तर उत्तर तिने द्यावे. चूक झाली तर तीही त्याच व्यासपीठावरून सांगितली जावी. ३१ जानेवारी २०२१ रोजी शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात पोलिओच्या थेंबांऐवजी बारा बालकांना हात धुण्याचे निर्जंतुक द्रव पाजले गेले. मुले बचावली. अशा वेळी जो 'लोक घाबरतील' म्हणून गप्प बसतो, तो अफवेला आमंत्रण देतो. काय घडले आणि पुढे काय खबरदारी घेतली, हे आपल्याच माणसाने समोर बसून सांगितले, तर पुढच्या रविवारी आई मूल घेऊन येते.

तेव्हा मागणी काय? राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानाने गावागावांत ग्राम आरोग्य, पोषण, पाणीपुरवठा व स्वच्छता समित्या आणि दवाखान्यांना रुग्ण कल्याण समित्या दिल्या आहेत. अनेक ठिकाणी त्या नोंदवहीपुरत्या जिवंत आहेत. भजनी मंडळ, बचत गट, तांड्याची बैठक, धर्मग्रामाची सभा यांनी आरोग्याचा एक निरोप ऐकावा आणि त्याच बैठकीत आपली एक तक्रार लिहून या समित्यांकडे धाडावी: उपकेंद्राला कुलूप आहे, नळाला पाणी नाही, रक्तवाढीच्या गोळ्या संपल्या आहेत. पुढच्या बैठकीत उत्तर आले नाही, तर पुढचा निरोप ऐकण्यापूर्वी ते मागावे. वृत्तपत्रांनी मंगळसूत्राच्या बातमीनंतर सहा महिन्यांनी त्याच गावात पुन्हा जावे आणि पाण्याची बातमी द्यावी. शासनाने रथाचा पैसा आशांच्या थकलेल्या मोबदल्यात भरावा.

५ ऑक्टोबर २०२४ रोजी पोहरादेवी येथे बंजारा विरासत संग्रहालयाचे उद्घाटन झाले. त्याची वास्तू नंगाऱ्याच्या आकाराची आहे. नंगारा वाजला की तांडा जमतो, ही जुनी रीत. आता जमलेल्या तांड्यापुढे कोण बोलतो आणि तांडा बोलू लागला की कोण थांबून ऐकतो, यावर पुढची साथ कितीजणांना नेईल ते ठरणार आहे. ऐकावयाचे काम जिल्हाधिकाऱ्यांचे आहे, आरोग्य अधिकाऱ्यांचे आहे, संपादकांचे आहे आणि वेदीवर उभे राहणाऱ्या आम्हा सर्वांचे आहे. जागे व्हावयाचे ते याच मंडळींनी.